युरिया तापला की तयार होणारं बाययुरेट: नाशिकच्या बागायतदारांचे, विद्यार्थ्यांचे आणि गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

द्राक्षाच्या गोड्या छाटणीनंतर (फळासाठी ऑक्टोबरच्या सुमारास केली जाणारी छाटणी) बागा फुटायला लागल्या की दिंडोरी-निफाड पट्ट्यातून एक प्रश्न हमखास येतो: ‘गोणीतला युरिया फवारला तर चालेल ना?’ कॉलेजची प्रॅक्टिकल जवळ आली की मुलं विचारतात, ‘बाययुरेट टेस्टमध्ये बाययुरेट कुठे टाकायचं?’ आणि हल्ली महामार्गावरच्या ट्रकवाल्यांचेही प्रश्न येतात. तिन्ही प्रश्नांचं मूळ एकाच पदार्थात आहे, म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

बाययुरेट म्हणजे नेमकं काय?

युरियाचे दोन रेणू उष्णतेने एकमेकांना जोडले जातात, त्या वेळी अमोनियाचा एक रेणू बाहेर पडतो. उरतो तो बाययुरेट. हिशोब सरळ आहे: १२० ग्रॅम युरियातून १७ ग्रॅम अमोनिया उडून गेला की १०३ ग्रॅम बाययुरेट मागे राहतं. रेणूसूत्र सी२एच५एन३ओ२. हा सेंद्रिय पदार्थ आहे, पण ‘सेंद्रिय शेती’मधला सेंद्रिय नव्हे; कार्बनच्या रसायनशास्त्रात बसतो म्हणून सेंद्रिय. यावरून पुष्कळ गोंधळ होतो, आणि काही विक्रेते त्याचा फायदाही घेतात.

दिसायला पांढरं, स्फटिकासारखं, वास नसलेलं. नुसत्या डोळ्यांनी युरियातून ते वेगळं ओळखता येणार नाही. १९० अंश सेल्सिअसच्या थोडं पुढे ते वितळतं आणि वितळतानाच त्याचं विघटनही सुरू होतं. नत्राचं प्रमाण जवळपास ४१ टक्के, म्हणजे युरियापेक्षा (सुमारे ४६.६ टक्के) थोडंच कमी.

दोघांतला मोठा फरक विरघळण्यात दिसतो. खोलीच्या तापमानाला १०० मिली पाण्यात युरिया १०० ग्रॅमपेक्षा जास्त विरघळतो, बाययुरेट मात्र जेमतेम २ ग्रॅम. पाणी गरम केलं की तेही बरंच विरघळतं. प्रयोगशाळेत बाययुरेट शुद्ध करताना याच गुणाचा उपयोग होतो: गरम पाण्यात विरघळवायचं, थंड होऊ द्यायचं, की बाययुरेटचे बारीक सुईसारखे स्फटिक खाली बसतात आणि न बदललेला युरिया पाण्यातच राहतो.

हे पहिल्यांदा कोणी तयार केलं?

गुस्टाव्ह व्हीडेमान या जर्मन शास्त्रज्ञाने, १८४७ च्या आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी. जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलरने प्रयोगशाळेत युरिया तयार केला तो १८२८ साली, त्यामुळे युरियाचं रसायनशास्त्र तेव्हा अगदी तरुण होतं. हाच व्हीडेमान पुढे भौतिकशास्त्राकडे वळला. धातूंची उष्णता वाहण्याची आणि वीज वाहण्याची क्षमता यांचं नातं सांगणाऱ्या १८५३ च्या नियमात त्याचं नाव आहे.

युरिया तापवला की लगेच बाययुरेट होतं का?

नाही, त्याचे टप्पे आहेत. सुमारे १३३ अंशांना युरिया वितळतो. वितळलेला युरिया तसाच तापत राहिला की त्याच्या काही रेणूंचे अमोनिया आणि आयसोसायनिक आम्ल असे दोन तुकडे पडतात. हे आम्ल फार क्रियाशील असतं. ते शेजारच्या अखंड युरियाच्या रेणूला चिकटतं आणि बाययुरेट बनतं. १५०-१६० अंशांच्या आसपास ही क्रिया चांगला वेग घेते.

आच आणखी वाढवली तर गाडी बाययुरेटवर थांबत नाही. तिसरा रेणू जोडला जाऊन ट्राययुरेट होतं, पुढे साखळी वळून सायन्युरिक आम्लाचं वलय तयार होतं. ३५० ते ४०० अंशांना, कारखान्यातल्या विशेष परिस्थितीत, याच वाटेने मेलामाइन मिळतं. म्हणून प्रयोगात बाययुरेट हवं असेल तर आच मंदच ठेवावी लागते.

उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या गोणीत बाययुरेट वाढतं का?

या प्रश्नाचं उत्तर मी फार ठामपणे देतो, कारण या भीतीपोटी चांगली गोणी टाकून दिलेली मी पाहिली आहे. नाशिकचा पारा ४०-४२ पर्यंत गेला आणि पत्र्याखाली त्याहून १०-१५ अंश जास्त झाले, तरी युरिया वितळण्याच्या जवळपाससुद्धा आपण पोहोचत नाही. गोणीत बाययुरेट वाढत नाही. गोणीचे दगडासारखे खडे होतात ते ओलाव्यामुळे. युरिया हवेतलं पाणी ओढतो, पृष्ठभागावर विरघळतो, पुन्हा सुकतो आणि दाणे एकमेकांना धरून बसतात. खडे फोडून वापरा, खताचा कस गेलेला नसतो.

मग गोणीत बाययुरेट येतं कुठून?

कारखान्यातून. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून भरपूर दाबाखाली, साधारण १८० ते २०० अंशांना युरिया तयार करतात. तिथे अमोनियाचा दाब मोठा असल्याने बाययुरेट फारसं होत नाही. नंतर मात्र द्रावणातलं पाणी उडवून युरियाचा रस घट्ट करतात आणि तो उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून थेंबाथेंबाने खाली सोडतात. थेंब पडता पडता थंड होऊन दाणे बनतात. रस गरम अवस्थेत जितका जास्त वेळ थांबतो आणि अमोनिया जितका कमी असतो, तितकं बाययुरेट वाढतं. आपल्या राज्यात ट्रॉम्बे आणि अलिबागजवळच्या थळ इथे युरियाचे मोठे कारखाने आहेत, आणि रस गरम असतानाचा हा वेळ कमीत कमी ठेवणं हे अशा प्रत्येक कारखान्यातलं रोजचं काम असतं.

खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे शेतीच्या युरियात बाययुरेट वजनाने जास्तीत जास्त १.५ टक्के चालतं. नीमकोटेड, म्हणजे निंबोळी तेलाचा लेप दिलेल्या, युरियालाही तीच मर्यादा आहे. ४५ किलोच्या गोणीत ही कमाल मर्यादा ६७५ ग्रॅम भरते. प्रत्यक्षात बाययुरेट बरेचदा याहून कमी असतं, पण हिशोब करताना कमाल धरूनच करावा.

गोणीतला युरिया द्राक्षावर, टोमॅटोवर फवारला तर?

आता खरा मुद्दा. जमिनीतून दिलेल्या युरियातल्या बाययुरेटची मला काळजी नाही, फवारणीतल्याची आहे.

कारण असं: युरिया पानात शिरला की झाडाकडे तो फोडून नत्र वापरायची सोय असते. बाययुरेट मात्र झाडाला सहसा फोडता येत नाही. ते पानातच अडकून राहतं आणि तिथल्या प्रथिनं बनवण्याच्या कामात अडथळा आणतं. हरितद्रव्य कमी पडून पान पिवळं होतं. आणि ते साचत जातं: एका फवारणीत दिसलं नाही, तरी तिसऱ्या-चौथ्या फवारणीला दिसू शकतं.

आकडे मांडून पाहू. २०० लिटरच्या टाकीत २ टक्के युरिया फवारायचा म्हणजे ४ किलो युरिया. १.५ टक्के धरलं तर टाकीत ६० ग्रॅम बाययुरेट गेलं, म्हणजे लिटरला ३०० मिलिग्रॅम. तोच युरिया ०.३ टक्के बाययुरेटचा असेल तर टाकीत १२ ग्रॅम जातं, लिटरला ६०. पाचपट फरक आहे. तुमचं द्रावण ०.५ टक्के असेल तर हे आकडे चौथाईवर येतात.

सगळी पिकं सारखी नाजूक नाहीत. लिंबूवर्गीय झाडं, अननस आणि अ‍ॅव्होकॅडो ही बाययुरेटला फार हळवी म्हणून जगभर ओळखली जातात. मोसंबी-संत्र्यावर पानाचा शेंडा पिवळा पडणं हे तर ठरलेलं लक्षण. द्राक्षाच्या बाबतीत माझं मत असं की गोड्या छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर गोणीतला युरिया फवारूच नये. त्या काळात एक-एक पान घडाला अन्न पुरवण्यासाठी लागतं. वाचलेले शे-दोनशे रुपये त्या पानांच्या किमतीपुढे काहीच नाहीत. फवारणी करायचीच असेल तर कमी बाययुरेटचा युरिया घ्या आणि पाकिटावर बाययुरेटचा आकडा छापलेला आहे का ते पाहा. ‘फवारणी स्पेशल’ एवढंच लिहिलेलं असेल आणि आकडा नसेल, तर दुकानदाराला विचारा. उत्तर नाही मिळालं तर दुसरं पाकीट घ्या.

आणि एक गोष्ट नीमकोटेडबद्दल: निंबोळी तेलाचा तवंग टाकीवर येतो, नोझल आणि गाळणी चिकट होतात. ही गोणी मातीत वापरण्यासाठीच बनवलेली आहे.

पानं पिवळी झाली आहेत. बाययुरेटमुळेच हे कसं ओळखायचं?

घाईने ठरवू नका. दिंडोरीकडच्या एका बागायतदाराने मोबाइलवर पाठवलेल्या फोटोंत मी काय पाहिलं ते सांगतो. पानाचा शेंडा आणि शिरांमधली जागा लिंबासारखी पिवळी, देठाकडचा भाग आणि मुख्य शिरा हिरव्या. पान कुठे जळलेलं नाही, कडा कुरकुरीत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं: फवारणीनंतर आलेली वरची तीन-चार पानं अगदी स्वच्छ हिरवी. पिवळेपणा फक्त त्या वयाच्या पानांवर, ज्यांनी फवारणी झेलली होती. हे चित्र बाययुरेटकडे बोट दाखवतं.

याउलट, फवारणीनंतर दोन दिवसांत कडा तपकिरी होऊन वाळल्या तर ती तीव्र द्रावणाने किंवा भर उन्हात फवारल्याने झालेली जळ आहे. खालची जुनी पानं कडेने पिवळी पडत असतील तर पालाश आणि क्षार आधी तपासा. पानाच्या मागे पांढरी बुरशी असेल तर तो डाऊनी (केवडा) हा बुरशीचा रोग आहे, आणि तिथे युरियाची चर्चा करण्यात वेळ घालवू नका. देठ परीक्षणात नत्र-स्फुरद-पालाश कळतात, बाययुरेट कळत नाही. म्हणून रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तरी फवारणीची वही काढून तारखा जुळवून बघाच.

कांद्याच्या शेंड्यांबद्दलही लोक विचारतात. लासलगाव-येवला भागात कांद्याचे शेंडे पिवळे पडायला फुलकिडे, करपा आणि पाण्याचा ताण ही कारणं इतकी मोठी आहेत की बाययुरेटचं नाव शेवटी घ्यावं.

झालेलं नुकसान भरून निघतं का?

पिवळं पडलेलं पान बहुधा पुन्हा पूर्ण हिरवं होत नाही. वेल मात्र सावरते. त्या युरियाची फवारणी थांबवा, पाणी नियमित ठेवा, नवीन पानांवर लक्ष ठेवा. पिवळेपणा घालवायला म्हणून वर आणखी युरिया किंवा ढीगभर टॉनिक मारणं म्हणजे दुखण्यावर दुखणं.

ठिबकमधून किंवा जमिनीतून दिला तर?

निर्धास्त द्या. एकरी ५ किलो युरिया ठिबकने सोडला तर जास्तीत जास्त ७५ ग्रॅम बाययुरेट अख्ख्या एकरात पसरतं. मातीतल्या जिवाणूंकडे बाययुरेट फोडणारी वितंचकं (एन्झाइम) असतात. युरियापेक्षा हे काम हळू चालतं, पण चालतं, आणि शेवटी त्यातलं नत्रही अमोनियाच्या रूपाने जमिनीलाच मिळतं.

अपवाद एकच: बी आणि युरिया एकमेकांना खेटून पडू देऊ नका. कांद्याच्या गादीवाफ्यावर बियाण्याबरोबर युरिया फेकला तर उगवण मार खाते. त्यात मोठा वाटा अमोनियाचा, पण बाययुरेटही कोंबाला त्रास देतं.

युरिया लवकर विरघळावा म्हणून पाणी गरम केलं तर बाययुरेट होईल का?

कोमट पाण्याने होणार नाही. युरिया विरघळताना उष्णता ओढून घेतो. ड्रमला बाहेरून हात लावला तर गार लागतो, थंडीत तर ड्रमवर दवही धरतं. म्हणून डिसेंबर-जानेवारीत तो लवकर विरघळत नाही आणि कोमट पाणी उपयोगी पडतं. उकळू मात्र नका. उकळत्या पाण्यात युरिया हळूहळू फुटून अमोनिया उडून जातो, म्हणजे विकत घेतलेलं नत्र हवेत.

शाळा-कॉलेजात बाययुरेट कसं करून दाखवायचं?

कोरड्या परीक्षानळीत साधारण एक ग्रॅम युरिया घ्या. इथे गोणीतला नीमकोटेड युरिया घेऊ नका, त्याचा तेलकट वास आणि रंग दोन्ही आड येतात. प्रयोगशाळेचा शुद्ध युरिया घ्या. स्पिरिटच्या दिव्यावर नळी हलवत मंद तापवा. आधी दाणे वितळून पाण्यासारखा स्वच्छ रस होतो. मग बारीक बुडबुडे सुटू लागतात. नळीच्या तोंडाशी ओला लाल लिटमस धरला की तो निळा होतो, हा अमोनिया. तापवत राहिलं की रस गढूळ होतो, दाटतो आणि नळीच्या बुडाशी पांढरा थर धरतो. इथेच थांबा.

नळी थंड झाल्यावर थोडं कोमट पाणी घालून हलवा, गाळून घ्या. गाळलेल्या पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण घाला आणि मग अगदी विरळ मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा, एक थेंब. जांभळट-गुलाबी रंग उमटतो. मुलांच्या दोन चुका ठरलेल्या. मोरचूद जास्त पडलं की निळ्या रंगाखाली जांभळा बुडून जातो. आणि आच मोठी ठेवली तर बाययुरेटच्या पुढे जाऊन सायन्युरिक आम्ल तयार होतं. ते पाण्यात फारसं विरघळत नाही आणि रंगही देत नाही.

चष्मा लावा, खिडकी उघडी ठेवा. सोडियम हायड्रॉक्साइड डोळ्यात गेलं तर इजा कायमची होऊ शकते.

मग प्रथिनांच्या ‘बाययुरेट टेस्ट’मध्ये बाययुरेट का नसतं?

कारण त्या परीक्षेत बाययुरेट टाकत नाहीत. प्रथिनं बाययुरेटसारखी वागतात, एवढंच. बाययुरेटच्या रेणूत दोन कार्बोनिल गट मधल्या एका नायट्रोजनने जोडलेले असतात. प्रथिनांच्या साखळीतही असेच बंध ओळीने असतात. अल्कधर्मी द्रावणात तांब्याचा आयन या नायट्रोजनांमध्ये पकडला जातो आणि जांभळा रंग येतो. साखळीत असे किमान दोन पेप्टाइड बंध लागतात. म्हणून सुटी अमिनो आम्लं आणि नुसता युरिया हा रंग देत नाहीत.

अंड्याच्या पांढऱ्यावर ही परीक्षा फार सुंदर दिसते. आणि ती शाळेपुरती नाही. रक्ततपासणीच्या रिपोर्टवर ‘टोटल प्रोटीन’ म्हणून जो आकडा येतो (साधारण ६ ते ८ ग्रॅम प्रति डेसिलिटर), तो बहुतेक लॅबमध्ये याच जांभळ्या रंगाची गडदता ५४० नॅनोमीटरच्या आसपास मोजून काढतात. खताच्या प्रयोगशाळेत युरियातलं बाययुरेट मोजायचीही हीच युक्ती, फक्त प्रकाश ५५५ नॅनोमीटरचा.

दुधातला भेसळीचा युरिया या टेस्टने पकडता येईल का?

नाही, आणि हा गैरसमज पसरवू नका. युरिया रंग देत नाही, आणि दुधात प्रथिनं असल्याने शुद्ध दूधही जांभळं होणारच. घरगुती तपासणी वेगळी आहे: ५ मिली दुधात अर्धा चमचा सोयाबीनची किंवा तुरीची पूड घालून हलवा, ५ मिनिटांनी लाल लिटमस बुडवा, अर्ध्या मिनिटाने काढा. निळा झाला तर संशयाला जागा आहे. दुधात थोडा युरिया मुळातच असतो, तेव्हा खात्रीसाठी नमुना प्रयोगशाळेत द्या.

ट्रकच्या युरिया टाकीत गोणीतला युरिया विरघळवून टाकला तर काय बिघडतं?

बीएस-सहा, म्हणजे धुराचे कडक निकष पाळणाऱ्या, गाड्या १ एप्रिल २०२० पासून बंधनकारक झाल्या आणि हा ‘जुगाड’ही सुरू झाला. डिझेल गाडीचा धूर स्वच्छ करायला या टाकीत डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड) भरतात, म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं अतिशुद्ध द्रावण. त्यात बाययुरेट ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. १.५ टक्क्यांच्या युरियाचं तेवढंच द्रावण केलं तर बाययुरेट जवळपास ०.४९ टक्के होतं, म्हणजे मर्यादेच्या दीडपटीहून जास्त. शिवाय निंबोळी तेल आणि पाण्यातले क्षार वेगळेच. सायलेन्सरच्या उष्णतेत नोझलपाशी आधी बाययुरेट, मग सायन्युरिक आम्ल असा पांढरा कडक थर बसतो. परीक्षानळीत जे झालं तेच इथे धातूच्या नळीत होतं. नोझल चोंदतो, पुढचा उत्प्रेरक खराब होतो आणि खर्च हजारांत नव्हे, लाखात जाऊ शकतो. अनुदानाचा शेतीचा युरिया दुसरीकडे वापरणं हा गुन्हाही आहे.

जनावरांना बाययुरेट विषारी आहे का?

रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी ते युरियापेक्षा सौम्य आहे. युरिया पोटात झपाट्याने अमोनिया सोडतो, म्हणून गाईने गोणीत तोंड घातलं की जिवावर बेततं. बाययुरेट हळू फुटतं, आणि पोटातल्या जिवाणूंना त्याची सवय व्हायलाच काही आठवडे लागतात. याच गुणामुळे काही देशांत ते पशुखाद्यात नत्रासाठी वापरलं गेलं. पण म्हणून घरी युरिया भाजून गाईला घालायचा विचारही करू नका. घरच्या भाजण्यात किती युरिया तसाच राहिला हे कळायला मार्ग नाही. गाईने युरिया खाल्ल्याचा संशय आला तर डॉक्टरला ताबडतोब बोलवा.

युरासिल आणि बाययुरेट एकच का?

नाही. द्राक्षाच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर (नवी काडी तयार करण्यासाठीची छाटणी) घडनिर्मितीसाठी जे युरासिल फवारतात, तो वेगळाच वलयाकार रेणू आहे. नावं जवळची वाटतात, काम पूर्ण वेगळं. उलट त्या काळात वेलीला नत्राचा मारा नकोच असतो, त्यामुळे युरासिलच्या टाकीत ‘थोडा युरिया’ मिसळायची सवय सोडा.

गोणीतलं बाययुरेट तपासून घ्यायचं तर?

तालुक्याच्या किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार द्या. खत निरीक्षकाने ठरलेल्या पद्धतीने घेतलेला सीलबंद नमुनाच कायद्यात उभा राहतो. फोडलेल्या गोणीतून तुम्ही पिशवीत भरून नेलेला नाही. म्हणून खरेदीची पक्की पावती आणि त्याच लॉटची एक न फोडलेली गोणी राखून ठेवा, आणि गोणीवरच्या छापील मजकुराचा, लॉट क्रमांकासह, फोटो काढा. खाजगी प्रयोगशाळेतून स्वतःच्या माहितीसाठी तपासणी करून घेता येते. नमुना देताना ‘बाययुरेट’ हा शब्द अर्जात स्पष्ट लिहा, नाहीतर फक्त नत्राचा आकडा हातात येईल.